बार्थेझ जागचा का हलला नाही?

३ जून १९९७ रोजी फ्रान्समधल्या ल्योन शहरात ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने सुमारे ३५ मीटरवरून फ्री किक मारली. डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने फटकावलेला चेंडू बचावभिंतीला उजवीकडून वळसा घालून निघाला, तो थेट मैदानाबाहेर जाणार असंच वाटलं. गोलपासून बराच दूर उभ्या असलेल्या बॉल बॉयने तर डोकं खाली घातलं. मग चेंडू डावीकडे वळला आणि खांबाला आतून घासून जाळ्यात गेला. फ्रान्सचा गोलरक्षक फाबियाँ बार्थेझ जागचा हललाही नाही.

स्वतःभोवती फिरणारा चेंडू मागे सुटणारी हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो. हा मॅग्नस परिणाम. पण खरी किमया अंतराची आहे. २०१० साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की हवेच्या रोधाने चेंडूचा वेग घटत जातो, फिरकी मात्र जवळपास तशीच टिकते. त्यामुळे वळण पुढे पुढे अधिकच घट्ट होत जातं, गोगलगायीच्या शंखासारखं. २० मीटरवरच्या किकमध्ये ते जाणवायच्या आत चेंडू गोलमध्ये पोचलेला असतो. कार्लोसला ३५ मीटर मिळाले, आणि तेवढं अंतर कापूनही वेग उरेल अशी ताकद त्याच्या पायात होती.

आता गोलरक्षकाच्या बाजूने पाहा. ९.१५ मीटरवरची भिंत गोलची एक बाजू झाकते, दुसरी तो स्वतः सांभाळतो. भिंतीने उडी मारली तर खालून चेंडू जातो, म्हणून हल्ली एक खेळाडू तिच्यामागे आडवा झोपतो. आक्रमक भिंतीत घुसून गोलरक्षकाची नजर अडवत. २०१९पासून तीन किंवा अधिक बचावपटूंच्या भिंतीपासून त्यांना एक मीटर दूर राहावं लागतं. नियम योग्यच आहे, पण नजर मोकळी झाली म्हणून प्रश्न सुटत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यावसायिक खेळाडूंना आणि गोलरक्षकांना आभासी फ्री किक दाखवल्या. चेंडू गोलमध्ये जाणार की बाहेर, हे सांगताना फिरकीने त्या सगळ्यांनाच चकवलं. चेंडू कुठे आहे आणि किती वेगात आहे हे डोळ्याला कळतं. क्षणाक्षणाला बदलणारी दिशा हिशेबात धरणं त्याला जमत नाही.

ल्योनच्या त्या गोलसाठी बार्थेझला दोष देणं अन्यायाचं आहे.