विजोड सहप्रवासी : मराठी प्रवासपटातील विनोदाचे स्वरूप

प्रस्तावना

परस्परविरोधी स्वभावाच्या दोन व्यक्तींना एका वाहनात बसवावे आणि त्यांच्या खटक्यांतून हास्य निर्माण करावे, ही चित्रपटातील जुनी व लोकप्रिय रीत आहे. मराठीत असे चित्रपट थोडे आहेत. तथापि त्यांनी मूळ आकृतिबंधात एक लक्षणीय बदल घडविला आहे. प्रस्तुत लेखात तीन मराठी चित्रपटांच्या आधारे हा बदल स्पष्ट करावयाचा आहे.

मूळ आकृतिबंध

फ्रँक काप्रा यांच्या 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) या चित्रपटात घरातून पळालेली धनिककन्या आणि एक बेकार बातमीदार बसप्रवासात एकत्र येतात. 'चोरी चोरी' (१९५६) व 'दिल है के मानता नहीं' (१९९१) हे हिंदी चित्रपट याच कथेवर बेतलेले आहेत. जॉन ह्यूज यांच्या 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' (१९८७) मध्ये शिष्ट जाहिरात-व्यावसायिकाला एका बडबड्या विक्रेत्याची सोबत सोसावी लागते. या सर्वांत तीन घटक समान आहेत : समान दिशा, एकमेकांना टाळण्याची नसलेली सोय आणि वाटेतील अडथळे. घरात वा कार्यालयात नकोशा माणसाकडे पाठ फिरवता येते. शेजारच्या आसनावरील माणसाकडे ती फिरवता येत नाही. या सक्तीतूनच विनोद जन्मतो. येथील सहप्रवासी मुळात अनोळखी असतात व प्रवासाअंती ते आप्त होतात.

मराठी रूपांतर

मराठी चित्रपटांतील सहप्रवासी मात्र आरंभापासूनच आप्त असतात. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'नवरा माझा नवसाचा' (२००४) मध्ये पतिपत्नी एस.टी. बसने गणपतीपुळ्यास निघतात. मुलाला विवस्त्र देवदर्शनास नेण्याचा वडिलांचा नवस अपुरा राहिलेला असतो आणि तो आता प्रौढ मुलाला फेडावयाचा असतो. पत्नीची श्रद्धा आणि पतीचा संकोच यांचा झगडा भरलेल्या बसमध्ये चालतो; खाजगी बाब चारचौघांत लपविण्याची धडपड हेच येथे हास्याचे मूळ होय.

सचिन कुंडलकर यांच्या 'हॅपी जर्नी' (२०१४) मध्ये विजोडपणा टोकाला जातो. दीर्घकाळ घरापासून दूर राहिलेला भाऊ आणि मृत्यूनंतर केवळ त्यालाच दिसणारी बहीण, असे हे सहप्रवासी आहेत. भावाची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली असून त्यांची रंगभूमीवरील सुरुवातीची जडणघडण सोलापुरात झाली. बहिणीच्या भूमिकेत प्रिया बापट आहेत. जिवंतपणी न झालेला संवाद मृत्यूनंतर घडतो. म्हणून येथील हास्याला हळहळीची किनार आहे.

मंगेश जोशी यांच्या 'कारखानिसांची वारी' (२०२०) मध्ये जोडीची जागा संपूर्ण कुटुंब घेते. पुण्यातील एका एकत्र कुटुंबातील थोरल्या व्यक्तीच्या अस्थी घेऊन नातेवाईक मोटारीने सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरला निघतात. शीर्षकातील उपरोध वारीची रीत ठाऊक असणाऱ्यास सहज उमगतो. पायी वारीत अनोळखी माणूसही 'माउली' ठरतो. मोटारीत मात्र रक्ताची माणसे एकमेकांना परकी असल्याचे उघड होते.

निष्कर्ष

पाश्चात्त्य प्रवासपटाचा प्रश्न 'परके आपले होतील काय?' असा असतो. उपरोक्त मराठी चित्रपट 'आपली माणसे एकमेकांना ओळखतात काय?' असे विचारतात. मराठी कुटुंबात नाते जन्माने वा विवाहाने मिळते, त्यामुळे परिचय गृहीत धरला जातो. आई, वडील, भाऊ, पत्नी ही नावे ठरलेली असल्याने त्या नावामागील व्यक्तीची चौकशी करण्याची गरज सहसा भासत नाही. प्रवासात घराच्या भिंती व ठरलेली कामे दूर होतात आणि ही उणीव समोर येते. विनोदामुळे ती प्रेक्षकास सुसह्य होते, परंतु तिचे गांभीर्य कमी होत नाही. म्हणूनच या चित्रपटांकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता बदलत्या कुटुंबव्यवस्थेच्या अभ्यासाचे साधन म्हणून पाहणे उचित ठरेल.