दृष्टांत कुठे थांबवावा

वारकरी कीर्तनात निरूपणाला एकच अभंग असतो. दीड-दोन तास त्याचे चरण उलगडत जातात, संतवचनांची प्रमाणं येतात. पण मंडपात मागे बसलेला माणूस सावरून बसतो तो दृष्टांत सुरू झाला की.

नाशिककडच्या एका सप्ताहात हे जवळून पाहिलं. चरण नित्य नामस्मरणाचा, श्रोते बहुतेक द्राक्षबागायतदार. बुवांनी विचारलं, “बागेला पाणी बादलीनं घालता का हो?”

“नाही, ठिबकनं!”

“का बरं?”

पुढचे एक आजोबा म्हणाले, “ओतलेलं वाहून जातं महाराज, थेंब मुळाशी जातो.”

बुवा क्षणभर थांबले. “एकादशीला दिवसभर नाम आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, ही बादली. रोजचं नाम हा थेंब.” एवढं बोलून त्यांनी चरण धरला, टाळकऱ्यांनी तो उचलला.

उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घ्यायची ही रीत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगावच्या कीर्तनांत फार प्रभावीपणे वापरली. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणसाला नाकारता येत नाही. आणि बुवांचं खरं कसब थांबण्यात होतं. ठिबकच्या नळ्या चोकअप होतात, फिल्टर धुवावा लागतो, अ‍ॅसिड सोडावं लागतं. प्रत्येकाचा अर्थ लावत बसले असते, तर मंडळी मनानं बागेत पोहोचली असती.

ही शिस्त मराठीत जुनी आहे. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त गुंफले. त्यात ११४ दृष्टांत आहेत. जन्मांधांनी चाचपलेला हत्ती त्यातलाच. मांडणी तीन पदरी: आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन, मग दृष्टांत, शेवटी दोन्हींची सांगड घालणारं दार्ष्टान्तिक. गोष्ट सूत्रासाठी येते आणि काम झालं की बाजूला होते.

आज कीर्तनांतले सासू-सुनेचे किस्से तेवढे कापून मोबाइलवर फिरतात. हशा भरपूर येतो, पण किस्सा कोणत्या चरणासाठी सांगितला ते कुणाला ठाऊक नसतं. विनोदाला माझी हरकत नाही. त्यानं चरणाची जागा घेऊ नये. प्रवचनकारानं, कीर्तनकारानं दुसऱ्या दिवशी एखाद्या श्रोत्याला विचारावं: कालची गोष्ट कशावर सांगितली होती? गोष्ट आठवली आणि चरण आठवला नाही, तर तो दृष्टांत कितीही रंगलेला असो, पुढच्या कीर्तनातून काढून टाकावा.