नातवंडाची भूल आणि मेंदूच्या लहरी

हर्निया किंवा टॉन्सिल्ससाठी तीन-चार वर्षांच्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली की घरातील ज्येष्ठ मंडळी माझ्या दवाखान्यात येतात. शस्त्रक्रियेविषयी त्यांना फारसे विचारायचे नसते, चिंता भुलीची असते. ‘एवढ्याशा जिवाला भूल जास्त तर होणार नाही ना? आणि कमी पडली, तर त्याला कळेल का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. भूलतज्ज्ञही शस्त्रक्रिया चालू असताना सतत याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतात.

१८४६ साली बॉस्टन येथे ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर दीर्घकाळ भुलीची खोली शरीराच्या खुणांवरून ओळखली गेली : श्वासाची लय, डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, रक्तदाब. या खुणा आजही पाहिल्या जातात आणि पाहायलाच हव्यात. परंतु भूल चढते ती मेंदूवर, आणि मेंदूत काय चालले आहे हे नाडी केवळ आडवळणाने सांगते.

मेंदूतील सूक्ष्म विद्युत हालचाल कपाळावर चिकटवलेल्या पट्टीतून टिपता येते. माणसाच्या मेंदूचा असा आलेख जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम नोंदवला. आपल्यापैकी काहींनी फिट्सच्या तपासणीसाठी ईईजी काढून घेतला असेल, तत्त्व तेच. सुई नाही, वेदना नाही. जागेपणी या लहरी लहान व वेगवान असतात. भूल चढू लागली की त्या मोठ्या आणि संथ होतात, आणि त्यांच्या जोडीला सेकंदाला आठ ते बारा वेळा उठणाऱ्या लहरींची नक्षी दिसते. औषध गरजेपेक्षा अधिक झाले, तर आलेख मध्येच सपाट होतो, मग लहरींचा एक उमाळा येतो, पुन्हा सपाट. अशी रेघ दिसली की औषध कमी करता येते, तेही नाडी वा रक्तदाब काही सांगण्याची वाट न पाहता.

याचा मुलांना प्रत्यक्ष लाभ काय? भुलीतून उठताना काही लहान मुले बेभान होतात. आईला ओळखत नाहीत, हातपाय झाडतात, कशानेही शांत होत नाहीत. ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहरी ओवाळणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या घाबरण्यात मला काही गैर वाटत नाही. ते दृश्य खरोखरच पाहवत नाही. सेव्होफ्लुरेन या हुंगवण्याच्या औषधानंतर असे विशेष घडते व बहुधा अर्ध्या तासात निवळते. जपानमधील डॉक्टरांनी १ ते ६ वर्षांच्या १७७ मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मात्रेने भूल दिलेल्या मुलांपैकी ३५ टक्के मुले अशी बेभान झाली. मेंदूचा आलेख पाहून भूल दिलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. या दुसऱ्या गटाला निम्म्याहून कमी तीव्रतेचे औषध पुरले. अभ्यास लहान आहे, तरी मला तो आश्वासक वाटतो.

मात्र यंत्राच्या पडद्यावरील आकड्याला भुलू नये. काही यंत्रे आलेखाचे रूपांतर ० ते १०० अशा एका अंकात करतात; ४० ते ६० म्हणजे योग्य भूल, असा संकेत आहे. हे गणित प्रौढांच्या मेंदूवर बेतलेले आहे. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या तान्ह्या बाळात तर ती नक्षीदार लहर उमटतच नाही. तेथे मूळ आलेख वाचू शकणारी नजर लागते. म्हणून रुग्णालयात ‘यंत्र आहे का?’ यापेक्षा ‘भूलतज्ज्ञांना लहान मुलांचा नित्य अनुभव आहे का?’ हे आधी विचारावे.

भुलीने पुढे बुद्धी मंदावते, ही भीतीही अनेकांना असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालील मुलांना वारंवार अथवा तीन तासांहून अधिक काळ दिलेल्या भुलीविषयी होता. तान्हेपणी एकदाच, तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांची पाचव्या वर्षी बुद्धिमापन चाचणी घेतली, तेव्हा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आवश्यक शस्त्रक्रिया या धास्तीने पुढे ढकलू नये.

आता आजी-आजोबांच्या हातातल्या गोष्टी. मूल रडते म्हणून त्याच्या हातावर गुपचूप ठेवलेले बिस्कीट भुलीत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि तो धोका कोणत्याही आलेखात आधी दिसत नाही. सामान्यतः खाणे व दूध सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात. आपल्या रुग्णालयाने वेळा वेगळ्या सांगितल्या असतील, तर त्याच पाळाव्यात. नुकताच झालेला सर्दी-खोकला लपवू नये. आणखी एक माहिती बहुधा आपल्यालाच असते : घराण्यात भुलीच्या वेळी कोणाला एकाएकी अतिशय ताप चढून अंग ताठरले होते का, किंवा कोणी अकस्मात दगावले होते का? चाळीस वर्षांपूर्वीची, चुलत घरातली घटना असली तरी ती भूलतज्ज्ञांना आधीच्या तपासणीतच सांगावी. काही कुटुंबांत हा दोष आनुवंशिक असतो, आणि तसा संशय असल्यास सेव्होफ्लुरेन वापरतच नाहीत.