एका कळफलकाची दोन यंत्रांवर हुकमत

लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली ज्या यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले, त्या जिल्ह्यात खिळ्यांची जुळणी मागे पडून अक्षरे संगणकाच्या हवाली झाली, त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला. आणि या अवधीत संगणकावरील देवनागरीच्याही दोन पिढ्या झाल्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका व संस्थांचे अहवाल ज्या यंत्रात जतन झाले आहेत ते मोडीत काढता येत नाही, आणि युनिकोडातील मजकूर, ई-मेल व सरकारी संकेतस्थळे यांसाठी नवे यंत्र घेतल्यावाचून गत्यंतर नसते. मग लहान छापखान्याच्या मेजावर दोन संगणक शेजारी येतात, आणि दोन कळफलक व दोन माऊस यांपुढे मूळ हस्तलिखित ठेवण्यापुरतीही जागा उरत नाही.

यावर पहिली तजवीज केव्हीएम स्विच नावाच्या लहानशा पेटीची. एका बाजूने दोन्ही संगणकांच्या तारा आणि दुसऱ्या बाजूने कळफलक, माऊस व पडदा जोडला, की बटण दाबताच, किंवा पुष्कळ पेट्यांत स्क्रोल लॉकची कळ दोनदा दाबताच, ही तिन्ही साधने एका संगणकाची ताबेदारी सोडून दुसऱ्याकडे रुजू होतात. दुसरी तजवीज केवळ सॉफ्टवेअरची असून तीत पडदे आपापल्या जागी राहतात: माऊसचा बाण पडद्याच्या कडेला टेकला, की मुख्य संगणक पुढची प्रत्येक हालचाल व प्रत्येक कळ स्थानिक नेटवर्कवरून शेजारच्या यंत्राकडे रवाना करतो, आणि तोच बाण पलीकडच्या पडद्यावर चालू लागतो. ख्रिस शोनेमन यांनी २००१ साली रचलेली ‘सिनर्जी’ ही या जातीची प्रसिद्ध प्रणाली. मायक्रोसॉफ्टची २०११ सालची ‘माऊस विदाऊट बॉर्डर्स’ विंडोजच्या चार संगणकांपर्यंत विनामूल्य चालते.

मराठी लिहिणाऱ्याने मात्र येथे थोडे थांबावे. पेटीतून जातो तो केवळ अमुक जागची कळ दाबली गेल्याचा संकेत. तिचा ‘क’ करावयाचा की रोमन ‘के’, हा निर्णय ग्रहण करणारा संगणक आपल्या मांडणीनुसार घेतो, म्हणून इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळमांडणी निर्वेधपणे चालते. काही सॉफ्टवेअर प्रणाली कळेऐवजी तिच्यापासून झालेले अक्षर पाठवतात, आणि दोन्हीकडच्या मांडण्या भिन्न असल्या की जोडाक्षरे विस्कटतात किंवा उमटतच नाहीत. म्हणून दोन्ही यंत्रांवर एकच मांडणी बसवून प्रथम चार ओळी टंकून पाहाव्यात. त्या बिघडल्या तर मराठीच्या कामासाठी पेटीच पत्करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सॉफ्टवेअरचा एक लाभ मोठा खरा: एका यंत्रावर नकल केलेला मजकूर दुसऱ्यावर थेट चिकटवता येतो. परंतु जुने फाँट देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवीत असल्याने, श्रीलिपीतला परिच्छेद युनिकोडच्या पानावर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपाने येतो. त्याला आधी परिवर्तकातून काढणे अपरिहार्य ठरते. शिवाय संकेतशब्दही याच नेटवर्कवरून जात असल्यामुळे कूटबद्धतेची तरतूद असलेलीच प्रणाली निवडावी. मुख्य संगणक बंद पडला तर दुसराही मुका होतो. यास्तव काढलेला जुना कळफलक विकून न टाकता कपाटात राखून ठेवावा.