मलेरिया पहिल्याच बाळाच्या वेळी का गाठतो?

आफ्रिकेतल्या केनिया देशात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू नावाचं शहर आहे. तिथं मलेरिया फार. लहान मुलांना तो पुन्हा पुन्हा होतो, आणि प्रत्येक वेळी त्यांचं शरीर लढायला थोडं शिकतं. मोठेपणी डास चावले, रक्तात मलेरियाचे परजीवी शिरले, तरी माणसं सहसा फारशी आजारी पडत नाहीत.

पण अशीच एखादी धडधाकट तरुणी पहिल्यांदा आई होणार असते, तेव्हा मलेरिया तिला पुन्हा गाठतो. तिचं रक्त कमी होतं, बाळाचं वजन वाढत नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी त्रास कमी, तिसऱ्याच्या वेळी आणखी कमी. आहे ना कोडं?

गरोदरपणात शरीराची लढण्याची ताकद कमी होत असेल, असं पूर्वी अनेकांना वाटायचं. जरा थांबा आणि तुम्हीच विचार करा. तसं असतं, तर प्रत्येक बाळाच्या वेळी त्रास सारखाच व्हायला हवा होता!

कोडं सुटायला आधी परजीवीची एक युक्ती समजून घेऊ. आपल्या पोटात डावीकडे प्लीहा असते. खराब झालेल्या तांबड्या पेशी ती रक्तातून गाळून काढते. मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी, फाल्सिपेरम, राहतो तांबड्या पेशीतच. (आपल्या गडचिरोलीच्या जंगलातही तो आढळतो.) प्लीहेत गेला की संपला! म्हणून तो आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उगवतो. गवतातून चालताना कुसळं कपड्यांना चिकटतात ना, तशी ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. अशी वेगवेगळी प्रथिनं बनवणारी सुमारे 60 जनुकं त्याच्याकडे असतात.

आता गरोदर बाईच्या शरीरात एक अगदी नवा अवयव तयार होतो, तो म्हणजे वार. बाळाची नाळ हिलाच जोडलेली असते. पूर्ण वाढलेली वार साधारण अर्धा किलोची. तिच्यात आईचं रक्त बाळाच्या रक्ताच्या अगदी जवळून वाहतं, पण सहसा त्यात मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून अन्न आणि प्राणवायू बाळाकडे जातात.

बाळंतपणानंतर वार बाहेर पडते आणि बहुतेक वेळा टाकूनच दिली जाते. मिशल फ्राइड या संशोधिकेनं आणि तिचे सहकारी पॅट्रिक डफी यांनी किसुमूमध्ये नेमकी तीच तपासली. वारेतले परजीवी कशाला चिकटतात, हे त्यांनी पाहिलं. ते चिकटत होते वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या साखरेच्या साखळीला. इतर लोकांच्या रक्तातले परजीवी मात्र तिला चिकटत नव्हते. हे संशोधन 1996 साली प्रसिद्ध झालं.

म्हणजे शरीर काही विसरलेलं नसतं. परजीवीला नवी जागा सापडते आणि तिथं चिकटणारं प्रथिन शरीरानं पूर्वी कधी पाहिलेलंच नसतं! मग आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्याला ओळखून अडवणारे रेणू, बनवायला शिकतं, आणि पुढच्या बाळांच्या वेळी ती उपयोगी पडतात. पुरुषांना कितीही वेळा मलेरिया होवो, त्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सहसा नसतात. असणार कशी? त्यांच्या शरीरात वार कधी नव्हतीच. ते प्रथिन बनवणारं जनुक 2003 मध्ये डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ओळखलं.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडते ती पुढची गोष्ट. बाळाचं नुकसान एकटा परजीवी करत नाही. वारेत परजीवी साचले की आईच्या भक्षक पेशी तिथं गर्दी करतात आणि टीएनएफसारखी दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात. बोटात काटा रुतला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. तो दाह आपल्या भल्यासाठीच असतो. पण वारेत तोच दाह फार वाढला, तर बाळाला नीट पोषण मिळत नाही, आणि ते अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्माला येऊ शकतं. वारेत टीएनएफ जास्त आणि बाळाचं वजन कमी, असा संबंध फ्राइड आणि डफी यांना किसुमूमध्येच दिसला. आईचं शरीर बाळाला वाचवायला लढतं आणि त्या लढाईची झळ बाळालाच लागते. म्हणून परजीवीला वारेत चिकटूच न देणं सगळ्यात चांगलं.

त्यासाठी लस बनवायचे प्रयत्न सुरू आहेत. दोन लसींच्या पहिल्या चाचण्या जर्मनी, बेनिन, फ्रान्स आणि बुर्किना फासो या देशांत झाल्या. प्रतिपिंडं तयार झाली खरी, पण परजीवी आपलं प्रथिन ठिकठिकाणी थोडं थोडं बदलतो, आणि सगळ्या प्रकारांना रोखणं या लसींना अजून जमलेलं नाही. तोवर मच्छरदाणी आणि गरोदरपणातल्या तपासणीच्या वेळी दिलेल्या गोळ्या हाच आधार. गंमत म्हणजे, दोन-तीन मुलांच्या आयांच्या रक्तातली प्रतिपिंडं दुसऱ्या खंडातल्या परजीवींनाही रोखतात. त्यांच्या शरीराला हे कसं जमतं, ते शास्त्रज्ञ आता त्यांच्याच रक्ताकडून शिकत आहेत.