आधी आकृती, मग कोड

रासायनिक कारखान्यातला व्हॉल्व्ह बघणाऱ्याला एक तर उघडा दिसतो, नाही तर बंद. त्याचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र एवढ्यावर भागत नाही. व्हॉल्व्ह उघडत असतो, बंद होत असतो, कधी मध्येच अडकतो. उघडण्याचा हुकूम सुटला आणि ठरलेल्या सेकंदांत, तो उघडल्याचं कळवणाऱ्या लिमिट स्विचचा सिग्नल आलाच नाही, तर पंप थांबवायचा की नुसता अलार्म द्यायचा? याचं उत्तर प्रोग्रॅमरनं एकट्यानं ठरवू नये; ते प्रोसेस इंजिनिअर आणि ऑपरेटर यांच्यासमोर ठरावं. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आकृत्यांचा मोठा उपयोग हाच आहे. कोड वाचवणं हा त्यांचा दुय्यम फायदा.

कारखान्यातली यंत्रं चालवणारा पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) 1960च्या दशकाच्या अखेरीस रिलेंची जागा घ्यायला आला. इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून त्याची लॅडर भाषा रिले सर्किटसारखीच ठेवली गेली. इंटरलॉकसाठी, म्हणजे धोक्याची क्रिया रोखणाऱ्या अटींसाठी, ती आजही उत्तम आहे. पण पन्नास व्हॉल्व्ह असले की त्याच ओळी पन्नास वेळा उतरवल्या जातात आणि एक दुरुस्ती पन्नास जागी करावी लागते. क्लास डायग्राममध्ये व्हॉल्व्हचं वर्णन एकदाच होतं. टॅग नंबर आणि वेळमर्यादा तेवढी ज्याची त्याची. त्याहून मोलाची आहे अवस्थांची आकृती. इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीवर काम करताना डेव्हिड हॅरेल यांना ती सुचली, 1987 साली त्यांनी ती शोधनिबंधात मांडली आणि 1997मध्ये प्रमाणित झालेल्या यूएमएल या आकृत्यांच्या भाषेत ती सामावली गेली. तिच्यात एका अवस्थेच्या पोटात अनेक अवस्था मावतात. रिअ‍ॅक्टर भरत असो, तापत असो वा ढवळला जात असो, ‘चालू’ या बाहेरच्या चौकटीतून निघणारा इमर्जन्सी स्टॉपचा एकच बाण सगळ्यांना लागू पडतो. तो विसरला असेल तर कोड न येणाऱ्यालाही दिसतं.

रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन लॅडरच वाचणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणून इंटरलॉक लॅडरमध्येच राहू द्यावेत. आयईसी 61131-3 हे मानक एका प्रकल्पात अनेक भाषा चालवू देतं आणि 2013च्या आवृत्तीपासून त्यात क्लासही आहेत. दुसरा आक्षेप असा की आकृत्या कालांतराने जुन्या पडतात. तशा त्या पडतातच, पण पाइपलाइन बदलली की पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांची आकृती, बदलण्याची शिस्त कारखान्यांना नवी नाही. तीच इथे लावावी. आकृती निर्दोष सॉफ्टवेअरची हमी देत नाही, टेस्टिंग टळत नाही. तरीही ज्या प्लँटच्या अवस्था कागदावर मांडता येत नाहीत, त्याचा कोड लिहायला घेऊ नये.