मालमोटारीचें इंजिन कां तापतें ?

सोयाबीन अगर तूर भरून वाशीमहून अकोल्यास निघालेल्या मालमोटारीस जातांना फारसे श्रम पडत नाहींत, कारण वाट उतरणीची आहे. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशें मीटरांच्या आंत, तर वाशीम साडेपांचशें मीटरांच्या आसपास. आणि या चढाचा मोठा भाग पातूर सोडल्यावर मेडशीपर्यंतच्या घाटांत एकदम अंगावर येतो. मृगापूर्वीं खताच्या व सिमेंटच्या गोण्या भरून गाड्या वर येऊं लागतात त्या दिवसांत सावलींतही उष्णतामान ४२ ते ४५ अंशांवर असतें. त्या चढावर बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी राहिलेली गाडी ज्यांनीं पाहिली नाहीं असे वाचक आमच्या जिल्ह्यांत थोडेच असतील.

आमच्या एका स्नेह्यांची गाडी गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं याच चढावर कायमची उभी राहण्याच्या बेतास आली होती. ती हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चढ अर्धा झाला तेव्हां उष्णतेचा कांटा तांबड्या खुणेपर्यंत गेला. चालकानें वेग कमी केला. थोड्याच वेळांत कांटा आपोआप खालीं येऊं लागला आणि शेवटीं नेहमींच्या जागेच्याही खालीं जाऊन बसला. चालकास वाटलें, गाडी थंड झाली. त्यानें पुन्हां जोर दिला. पुढें कांहीं किलोमीटरांवर इंजिनाचा आवाज बदलला आणि तें जाम झालें. पाहतां रेडिएटरची खालची रबरी नळी उभी फाटलेली, पाणी एक थेंब उरलेलें नाहीं ! हेड वांकडें झालें होतें, पिस्टनांवर ओरखडे पडले होते. पेरणीच्या ऐन हंगामांत गाडी मिस्त्रीच्या दारांत उभी, भाडें बंद, आणि बँकेचा हप्ता मात्र चालू.

कांटा खोटें बोलला काय ? तो आपल्यापरीनें खरेंच बोलला. उष्णता टिपणारा सेन्सर ज्या पाण्यांत बुडालेला असतो त्या पाण्याचें उष्णतामान कांटा दाखवितो; इंजिनाच्या लोखंडाचें नव्हे. पाणी निघून गेलें कीं सेन्सर कोरड्या पोकळींत उघडा पडतो, आणि तेथील हवा व वाफ त्यास पाण्याइतकी उष्णता पोंचवूं शकत नाहींत. म्हणून भर तापलेल्या इंजिनावरही कांटा खालीं येतो. भाराखालीं वर गेलेला कांटा कारणावांचून झपाट्यानें उतरला तर गाडी थंड झाली असें न समजतां पाणी गेलें असें समजावें व तत्काळ इंजिन बंद करावें. या एका गोष्टीच्या अज्ञानानें जितकीं इंजिनें गेलीं तितकीं दुसऱ्या कशानें गेलीं नसतील असें आम्हांस वाटतें.

आमच्या वडीलधाऱ्यांस पाण्याचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना इ. स. १९४६ मध्यें खडकीस निघाला आणि त्यानंतरच्या काळांत विहिरीविहिरीवर डिझेलचें इंजिन बसलें. त्याची व्यवस्था सोपी होती. पंपानें काढलेल्या पाण्यांतूनच एक बारीक धार इंजिनांतून फिरे आणि बाहेर पाटांत पडे. त्या धारेखालीं हात धरून माणसें इंजिनाची नाडी पाहात. हात टिकला तर ठीक, भाजला तर पाणी वाढवावयाचें. विहिरीचें ताजें पाणी नित्य मिळत असल्यामुळें तेथें दुसरी चिंता नव्हती. मालमोटारीस मात्र विहीर बरोबर घेऊन जातां येत नाहीं. तेंच थोडें पाणी पुन्हां पुन्हां फिरवून वाऱ्यानें निववावें लागतें, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

जळलेल्या डिझेलांतील एकंदर उष्णतेचा ढोबळ मानानें पाव हिस्सा, जुन्या लहान इंजिनांत तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, पाण्यावाटें बाहेर काढावा लागतो. हें काम रेडिएटरकडे असतें. जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यांनीं इ. स. १९०० मध्यें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला, तेव्हांपासून त्यामागील कल्पना तीच आहे : पाणी बारीक वाटांनीं फिरवावयाचें आणि वाऱ्यास जितका अधिक पृष्ठभाग लागेल तितका द्यावयाचा. पाणी इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाऊं नये म्हणून मध्यें थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. ती बहुधा ८२ अंशांच्या सुमारास उघडूं लागते. रेडिएटरचें झांकणही केवळ झांकण नव्हे. वाशीमच्या उंचीवर उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें. परंतु झांकणाच्या स्प्रिंगनें आंत सुमारें एक वातावरणाइतका जादा दाब राहिला तर तेंच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. झांकणाचें रबर झिजलें कीं हा लाभ गेला, आणि चांगल्या इंजिनाचेंही पाणी घाटांत उतूं जातें. झांकण ही अल्प किंमतीची वस्तु आहे. मोठा खर्च करण्यापूर्वीं ती बदलून पाहावी.

प्रत्येक गाडीचा कांटा नित्य कोठें राहतो हें मालकास ठाऊक असलें पाहिजे. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी, भरलेली गाडी, घाट, दुपार, पहांट, यांची नोंद वहींत पंधरा दिवस ठेवली म्हणजे पुढें दोन अंशांचा फरकही लक्षांत येतो. कांट्यावरच संशय आल्यास हातांत धरून लांबून उष्णता मोजण्याचें यंत्र हल्लीं स्वस्त मिळतें, तें थर्मोस्टॅटजवळच्या नळीच्या तोंडाशीं धरावें. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर तें यंत्र कमी आंकडा दाखवितें. त्या जागीं काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर पाहावें. जुन्या एकतारी सेन्सरची तार तुटली तर कांटा थंड दाखवितो, आणि तीच तार घांसून इंजिनास टेकली तर कांटा एकदम तांबड्यांत जातो. तेव्हां थंड इंजिनावरही कांटा टोकास गेला तर आधीं तार पाहावी.

आतां रोगाची परीक्षा. मिस्त्रीनें पाना उचलण्यापूर्वीं मालकानें एवढेंच सांगावें : गाडी उभी असतांना तापते कीं चढावर तापते ? मार्केट यार्डाच्या रांगेंत उभ्या उभ्या तापत असेल आणि रस्त्यास लागतांच निवत असेल, तर वाऱ्याचा दोष आहे, म्हणजे पंखा, त्याचा पट्टा किंवा पंख्याभोंवतालचें आवरण. पंख्याच्या मध्यभागीं घट्ट तेलाचा क्लच असल्यास इंजिन बंद व थंड असतांना पंखा हातानें फिरवावा. तो कांहीं अडकाव न लागतां गरगर फिरत राहिला तर क्लच निकामी झाला. उलट, उभी असतांना ठीक आणि चढावर किंवा समृद्धि महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगानें जातांना तापत असेल, तर रेडिएटरची ताकद कमी पडते. त्याच्या नळ्या आंतून भरल्या आहेत किंवा बाहेरून वारा कोंडला आहे.

बाहेरून वारा कोंडण्याचें आमच्याकडील मोठें कारण म्हणजे कुटार. मळणीयंत्राशेजारीं गाडी उभी करून सोयाबीन भरतांना कुटार उडतें आणि पंखा तें ओढून घेतो. आमच्या स्वतःच्या गाडीवर या कुटारानें एक संबंध उन्हाळा फुकट घालविला. रेडिएटर पुढून पाहतां लख्ख दिसे. एका मिस्त्रीनें थर्मोस्टॅट काढला, दुसऱ्यानें वॉटर पंप बदलविला, तरी घाट आला कीं कांटा वर ! अखेर एका वयस्क मिस्त्रीनें टर्बोच्या हवेचा कूलर पुढून सोडवून बाजूस केला. तो कूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटींत कुटार, डिझेल आणि धूळ यांची गोधडीसारखी चादर बसलेली होती. पुढून पाहणाऱ्यास ती दिसण्याचा संभवच नव्हता. धुतांना पाणी इंजिनाच्या बाजूनें बाहेर मारावें, आणि धार बेताची ठेवावी. गाड्या धुण्याच्या यंत्राची जोराची धार जवळून मारल्यास बारीक पत्रे वांकून वाट कायमची बंद होते.

हातानेंच पाहावयाचें दुसरें लक्षण नळ्यांचें. कांटा वर असतांना वरची नळी कोमटच लागली तर थर्मोस्टॅट उघडलेला नाहीं किंवा पाणी फिरत नाहीं. वरची कढत व खालची अगदींच थंड, तर रेडिएटर आंतून तुंबला आहे. दोन्ही सारख्याच कढत, तर पाणी फिरतें पण वारा तें निववीत नाहीं. खालच्या नळींत तारेचें वेटोळें असतें, तें गंजून गेलें म्हणजे इंजिनाचा वेग वाढतांच पंपाच्या ओढीनें नळी चपटी होते, आणि इंजिन मंद चालतांना पुन्हां पूर्ववत् दिसते. हा दोष उभ्या गाडीवर सांपडत नाहीं. एकानें वेग वाढवावा व दुसऱ्यानें, पंख्यापासून दूर राहून, नळी पाहावी.

थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची चाल मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ‘आपल्या ऊन मुलखांत त्याचें काय काम ?’ असें कित्येक मिस्त्री विचारतात. पुष्कळ इंजिनांत हीच झडप उघडतांना रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करीत असते; ती काढली कीं पाण्याचा कांहीं भाग न निवतांच परत इंजिनांत जातो आणि भर चढावर इंजिन अधिकच तापतें. हिंवाळ्यांत तेंच इंजिन थंड राहून डिझेल जास्त खातें व सिलिंडर झिजवितें. संशय असल्यास थर्मोस्टॅट दोऱ्यानें बांधून पाण्याच्या पातेल्यांत लोंबता धरावा, जवळ उष्णतामापक ठेवावा आणि चुलीवर पाहावें. त्यावर कोरलेल्या आंकड्याजवळ तो उघडूं लागला आणि पाणी उकळण्यापूर्वीं चांगला उघडला, तर तो निर्दोष आहे.

पाणी कोणतें घालावें याविषयीं घरांतील बंबाकडे पाहावें. बोअरचें जड पाणी कांहीं महिने तापविलें म्हणजे आंत पांढरा कठीण थर धरतो. तोच थर इंजिनांत सिलिंडरभोंवतीं धरतो व लोखंडाची उष्णता पाण्यास मिळूं देत नाहीं; कांटा मध्यमच राहतो आणि लोखंड जळतें. म्हणून बॅटरीस घालतात तसलें शुद्ध पाणी आणि कारखान्यानें सांगितलेलें कूलंट हेंच घालावें. येथें बर्फ पडत नाहीं हें खरें, पण कूलंट केवळ गोठूं नये म्हणून नसतें. तें गंज थांबवितें; शिवाय मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या कंपानें पाण्यांत बारीक बुडबुडे होऊन फुटतात व लायनरला बाहेरून खड्डे पाडतात, त्यासही तें आळा घालतें. तेजाबानें थर काढण्याच्या फंदांत पडूं नये. ॲल्युमिनियमचे भाग त्यानें खाल्ले जातात.

सकाळीं थंड इंजिन सुरू करतांच नळ्या ताठ झाल्या, पाण्यांत सारखे बुडबुडे येऊं लागले, किंवा तेलाची कांडी काढतां तेल दुधाळ चहासारखें दिसलें, तर हेड गॅस्केट गेलें असण्याचा संभव मोठा. अशी गाडी भाड्यावर मुळींच पाठवूं नये. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी. एस. सहा गाड्यांत संगणक स्वतःच इंजिनाचा जोर कमी करतो व दोषाची नोंद ठेवतो. ती नोंद गाडीस जुळणाऱ्या यंत्रावर वाचून घ्यावी. परंतु कुटार कोठें अडकलें हें तें यंत्र सांगत नाहीं.

वाटेंत कांटा चढूं लागल्यास खालचा गिअर घ्यावा, वातानुकूलन बंद करावें, केबिनचा हीटर असल्यास पुरा सोडावा. चालकास घाम येईल, पण तेवढी उष्णता इंजिनांतून निघेल. मग सावली पाहून थांबावें. पाणी असल्याची खात्री असेल तर इंजिन बंद न करतां मंद चालू ठेवावें, म्हणजे पंखा व पंप चालत राहतात. पाणी गेलें असेल तर मात्र लगेच बंद करावें. झांकण गरम असतांना उघडूं नये. वाफेच्या झोतानें तोंड व हात भाजल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. तासभर थांबून, जाड फडकें धरून तें हळूहळू सैल करावें, आणि तापलेल्या इंजिनांत गार पाणी एकदम ओतूं नये, हेड तडकतें.

शेवटीं गोठ्याविषयीं एक शब्द. बहुतेक कूलंटांत एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड व जनावरांस विषारी असतें. कुत्रें, वांसरूं तें आवडीनें चाटतें आणि मूत्रपिंडें निकामी होऊन मरतें. रेडिएटर रिकामा करतांना खालीं घमेलें धरावें, काढलेलें पाणी झांकणाच्या डब्यांत भरून मुलांच्या व गुरांच्या आवांक्याबाहेर ठेवावें, आणि जमिनीवर सांडलेलें असेल त्यावर माती टाकून ती माती उचलून दूर न्यावी.